शुद्ध फंक्शनमधली एक ओळ

नाही गं, तुझं काही चुकलेलं नाही — बस, खुर्ची ओढ. कोडमधल्या या फंक्शनच्या वर काय लिहिलंय? ‘शुद्ध’. कोणी लिहिलं? मीच. म्हणजे काय, तर डिलिव्हरीचे पत्ते द्या, गाड्या द्या, उद्याचा मार्ग घ्या — बाहेरच्या कशाला म्हणून हात लावायचा नाही. दिवसभर चालवत बसा, कोणाच्या केसालाही धक्का नाही. तू बिचारी त्यावर विश्वास ठेवून चाचण्या लावल्यास, सकाळपासून शेकडो वेळा चालवलंस — बरोबरच केलंस! आणि मधे ही ओळ. मेसेज पाठवायची. कोणी घुसडली म्हणतेस? अगं, नंबर बघ ना — माझ्या आईचा आहे.

हसू नकोस. हे फंक्शन रोज संध्याकाळी एकदाच चालतं, न चुकता. मी चुकतो. फोन राहून जायचा, ती तिकडे एकटी वाट बघत बसायची. म्हटलं, मार्ग निघाला की तिला एक मेसेज जाऊ दे — ‘आई, जेवलीस का?’ ज्या नंबरवरून येतो तो माझा ऑफिसचा नंबर आहे म्हणून तिला सांगून ठेवलं. तात्पुरतंच हं! पण ती शेजारणीला दाखवायला लागली — बघा, कामात बुडालेला असतो, पण विसरत नाही. आणि मी खुशाल विसरलो. ओळही विसरलो, आईलाही — म्हणजे, तसं नाही — तसंच म्हण.

आज तिला तोच मेसेज सकाळपासून एकावर एक. काय वाटलं असेल तिला? पोराला वेडबिड लागलं? फोन उचलत नाहीये. म्हणून मघाशी त्या ऑफिसच्या नंबरचा इनबॉक्स उघडला, आयुष्यात पहिल्यांदा. तिकडे आलेली उत्तरं कोणी वाचत नाही गं. सगळी पडून आहेत. ‘जेवले. तू?’ — ‘गुडघा दुखतोय, पण जेवले.’ — ‘जेवले. कधी येतोस?’ रोजचं एक. आणि आजचं शेवटचं — ‘घाबरू नकोस, बस मिळाली, येतेय.’

गेलेला मेसेज परत घेता येत नाही, आणि आईला वाटेत थांबवता येत नाही. काय सांगू तिला? यातला एकही मी पाठवला नव्हता म्हणून? मरून जाईन मी, पण हे तोंडातून निघायचं नाही.

रिसेप्शनचा फोन. तूच उचल ना — काय म्हणतायत? आली? घाबरलीये का? काय विचारतेय?

मी जेवलो का.

जा तू, तिला आत पाठव. दार ओढून घे.