पोळ्याच्या दिवशी विहिरीत उतरू नये

...नाही, मले सांगा, पोरगी पाहाले गेलेल्या माणसानं चहा प्यावा, मान खाली घालून बसावं, का विहिरीत उतरावं? तुमाले सांगतो, सगळी करणी त्या रुपरावची! कचेरीतला माहा दोस्त, पोरांच्या स्काऊटात गाठी शिकवते, आन् दिवसभर एकच, "सोप्पं हाये गा मुकुंद, तीन येढे, बस!" जाड दोराले बारीक दोरीचे तीन येढे मारा, खालच्या फासात पाय घाला, वजन टाकलं का गाठ गच्च, वजन काढलं का सरकते वरतं... सरकवा, चढा, सरकवा, चढा! आठ दिवस शिकवलं मले. कुठी? कचेरीच्या खांबाले बांधून!

तर शहरातल्या आमच्या महाल मोहल्ल्यातून रुपरावले संगं घेऊन निघालो, कळमेश्वरले पोरीच्या बापाच्या, दादाजींच्या मळ्यात पोचलो. दिवस कोणता? पोळ्याचा! शामलेले, म्हंजे पोरीले, पाहिलं आन् जीव असा गार झाला का विचारू नका... अठ्ठावीस वर्षाचा घोडा मी, चार ठिकाणून नकार घेतलेला, हीबी गेली तर संपलंच ना! तेवढ्यात तिच्या मायच्या हातून तांब्याचा गुंड, पाण्याचा हंडा हो, पडला विहिरीत. झालं! रुपराव उठलाच, "आमचा मुकुंद काढते ना! तीन येढे, बस!"

मोटेचा नाडा, तो जाड दोर हो, वरच्या लाकडाले बांधला, उतरलो. कसा? सुर्रकन! मले वाटलं, वा रे हुशारी! गुंड वर पाठवला, बाया खूश. मंग मी नाड्याले बारीक दोरीचे मारले तीन येढे, फासात पाय घातला... गाठ खाली! चार मारले... खाली! सात मारले... मी छातीभर पाण्यात! रुपराव वरून, "येढे मोज गा!" काय मोजू, डोंबल? तवा दादाजी शांतपणे म्हणे, "पावणे, पोळा हाये ना, बैलाच्या साऱ्या साजाले आन् नाड्यालेबी सकाळीच एरंडीचं तेल चोपडलं." अहो, हे आधी सांगाले काय झालं होतं?

मी बोंबललो, "मंग बैल जुपा, मोटेसारखं ओढा!" वरतं सभाच भरली! "राम राम! आजच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू? पाप लागन!" एक म्हातारा म्हणे, "उद्या जुपू. तवरीक पावण्याले पुरणपोळी सोडा." सोडली हो, टोपल्यात! मी विहिरीत पोळी खाऊन राहिलो, आन् बैलं वरतं झुली घालून मिरवून राहिले!

शेवटी शामलेनंच पदर खोचला. "बाबा, बैल नाही तर तुमी लागा ना नाड्याले!" मी नाडा कमरेले बांधला, दहा जणांनी हाताले राख चोळली, ओढलं. वर आलो तो तेलानं माखलेला, धोतराचं तर विचारूच नका. संपलं म्हटलं, पाचवा नकार! दादाजी ओशाळून म्हणे, "सांग पोरी, काय कराचं?"

तिनं मले वरतून खालपर्यंत पाहिलं. म्हणे, "चालते. सांगितलं का उतरते, ओढलं का येते... असा गरीब नवरा कुठी भेटीन?"

बारा वर्षं झाली लग्नाले. बैलाले पोळ्याची एक सुट्टी तरी भेटते हो... मले तीबी नाही.