जानरावांचा खोकला, सुभद्राबाईंच्या नावावर

अध्यक्षमहाराज श्रीमान शालिकरामजी, तहसीलदारसाहेब, माझ्या उजव्या हाताला विराजमान झालेले वैद्यराज वामनराव, अमरावतीच्या कापूसबाजारातले सन्मान्य व्यापारी, दर्यापुराकडून बैलबंड्या जुंपून आलेले पाटील मंडळी, आणि शेजारच्या वर्गात पडद्याआड बसून ऐकणाऱ्या माता-भगिनींनो,

आपण माझ्यासारख्या मुंबईकडच्या परक्या माणसाला एवढ्या प्रेमानं निरोप देता आहात, शाल पांघरली, हार घातला, याबद्दल मी आपला ऋणी आहे. उद्या सकाळी मी अकोल्याच्या दवाखान्यावर रुजू व्हायला निघेन. आता पद्धतीप्रमाणे मी चार गोड शब्द बोलून खाली बसावं. माझी तीच तयारी होती. पण आत्ता जे मानपत्र वाचलं गेलं, त्यातल्या एका वाक्यानं माझी सगळी तयारी मोडली.

वाक्य असं आहे: ‘येथील प्रतिष्ठित व्यापारी जानराव पाटील यांच्या सौभाग्यवती सुभद्राबाई यांस दुर्धर क्षयरोगातून डाक्टरसाहेबांनी वाचविले.’ टाळ्याही झाल्या. गृहस्थहो, हे खोटं आहे. सुभद्राबाईंना क्षय नव्हता. त्यांना साधं पडसंसुद्धा झालेलं मी पाहिलं नाही. अध्यक्षमहाराज, मला थोडा वेळ द्यावा. मी आजवर फार धीर धरला, आता मात्र माझा धीर संपला आहे.

अमेरिकेत लढाई सुरू होऊन आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, त्या काळातली ही गोष्ट. गावात जागा मिळेल तिथे वखार उभी राहत होती. ओट्याओट्यावर रेचे चालायचे, सरकी एकीकडे पडायची, रुई दुसरीकडे उडायची. त्या दिवसांत न खोकणारा माणूस अमरावतीत शोधून सापडला नसता. मलाही खोकला होता. वैद्यराजांनाही होता. नाही म्हणू नका वामनराव, मी ऐकलेला आहे.

अशा वेळी जानराव पाटील दवाखान्यात आले. दर्यापूरकडचे मोठे शेतकरी, कापसाच्या खरेदीत पडले होते. ओसरीवर वीसेक माणसं बसलेली. त्यांच्या देखत जानराव मोठ्यानं म्हणाले, “डाक्तरसाहेब, माह्या बायकोले खोकला हाये. दवा द्या.”

मी म्हटलं, “बाईंना घेऊन या.”

“ते येत नाही. आमच्या घरी बाया दवाखान्यात जात नाहीत.”

तुम्हाला ठाऊक आहे, हे उत्तर मला रोज मिळतं. मी विचारलं, ताप येतो का? म्हणाले, “दिवस बुडाला का येते.” अंग उतरलंय का? “हाडं दिसून राहिली.” खोकल्यातून रक्त? इथे जानरावांनी धोतराचा सोगा तोंडावरून फिरवला. मग म्हणाले, “पडते कदी कदी.” आणि हे सांगताना ते स्वतः दोनदा खोकले. मी म्हटलं, तुम्हालाही खोकला दिसतो. तर हसून म्हणाले, “थे रुईची धूळ हाये साहेब.”

मी निक्षून सांगितलं, छाती ऐकल्याशिवाय औषध देणार नाही. बाईंना आणा, नाहीतर मला घरी बोलवा. ते गेले ते परत आले नाहीत. पण ओसरीवरची वीस माणसं आपापल्या घरी गेली ना! संध्याकाळच्या आत गावभर झालं की जानराव पाटलांच्या बायकोला क्षय आहे.

पुढे त्या घरात काय झालं ते मला नंतर कळलं. सासूबाई पार्बताबाईंनी सुनेचं ताट-लोटा वेगळा केला. लेकरांना तिच्याजवळ निजू देईनात. विहिरीवर ती गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. ती सांगत होती, मला काही झालेलं नाही. पण आजारी माणूस असंच म्हणतो, अशी सगळ्यांची समजूत! आणि जानराव? जानराव गप्प. का गप्प, ते सांगतो. व्यापाऱ्याला क्षय आहे म्हटलं की त्याच्या गादीवर कोण बसणार? कोणता पाटील आपला कापूस त्याच्या वखारीत टाकणार? बायकोला क्षय असला तर बाजार थांबत नाही. फक्त बायको थांबते.

एके दिवशी दवाखान्यासमोर बैलांची दमणी थांबली. आतून एक बाई उतरल्या, बरोबर त्यांचे भाऊ भगवंतराव. बाई सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मी जानराव पाटलाची बायको. तुमी मले पाह्यलं हाये काय कदी?”

मी म्हटलं, “नाही.”

“मंग मले क्षय हाये, हे कोनं ठरवलं?”

गृहस्थहो, वैद्यकाच्या परीक्षेत मला इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी माणिकबाई सुईणीला जवळ बसवलं आणि लाकडी नळी लावून बाईंची छाती ऐकली. पुढून ऐकली, पाठीमागून ऐकली. श्वास इतका स्वच्छ, की मी त्यांना म्हटलं, “बाई, तुम्हाला काहीच नाही.”

“थे मले माईत हाये,” त्या म्हणाल्या. “आता ज्याले हाये त्याले पाहा.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. बरसातीत वखार बंद असते, रुई उडत नाही, तरी यांचा खोकला चालूच. रात्री घामानं अंगातली बंडी पिळून काढावी लागते. धोतराच्या सोग्याला रक्त लागतं, ते त्यांनीच कितीदा धुतलं. मी विचारलं, इतके दिवस का बोलला नाहीत? म्हणाल्या, “नवऱ्याची लाज झाकली. पन आता सासू माह्या जागी दुसरी पाहून राहिली. मी मेली नाही अजून.”

रुईच्या धुळीनं खोकणाऱ्या माणसाला चार दिवस धुळीतून दूर ठेवलं की उतार पडतो. ज्याचा खोकला पावसाळ्यातही हटत नाही, वर संध्याकाळचा ताप आणि रात्रीचा घाम, त्याची गोष्ट धुळीची नव्हे. मी तसाच वखारीत गेलो. जानराव गादीवर होते. मला पाहताच उठले आणि कानाशी येऊन म्हणाले, “लोकाइपुढं नोका बोलू.” बरं, नाही बोललो. मागच्या खोलीत रुईच्या ढिगाआड त्यांना उघडं बसवलं. डाव्या हासळीच्या हाडाखाली बोटानं ठोकलं तर आवाज बद्द. नळी लावली तर चुलीत मीठ टाकल्यावर तडतडतं तशी तडतड. शंकेला जागाच उरली नाही.

मी सांगितलं, “जानराव, हा क्षय आहे. अजून वेळ गेलेली नाही. वखार सोडा. वावरात मोकळ्या हवेत राहा, विश्रांती घ्या, दूध-लोणी खा. यावर रामबाण औषध माझ्याजवळ नाही, कोणाजवळच नाही. पण असं राहून माणसं वाचलेली मी पाहिली आहेत.”

तर मला काय म्हणतात! “अमेरिकेतली लढाई थांबेपर्यंत बसू द्या साहेब. भाव चढून राह्यला. मंग तुमी म्हनान तिथं जातो.”

मी म्हटलं, लढाईवाले तुमच्या छातीला विचारून लढत नाहीत हो! पण दगडावर पाणी. मी ओरडलो, समजावलं, पुन्हा ओरडलो. वैद्यराजांना घेऊन गेलो. वामनराव आणि मी, आमचं एरवी कशावर जमत नाही. पण त्या दिवशी आम्ही दोघंही एका सुरात ओरडलो. जानराव दोघांनाही पानसुपारी देऊन बाजारात गेले.

त्यांना वखारीतून उठवलं ते सुभद्राबाईंनी. त्यांनी दारात दमणी जुंपून उभी केली आणि म्हणाल्या, “वावरात जासान तर मी संगं येतो. वखारीत बसान तर हेच बैल मले दर्यापूरले भावाकडं नेतीन, लेकराइसकट. बोला.” जानराव दमणीत बसले.

मला वाटलं, सुटलो. कुठले सुटतो! जाताना जानरावांनी बाजारात सांगितलं, “बायकोले हवा मानवत नाही, तिच्यासाठी वावरात राहतो.” आणि ही अमरावती, गृहस्थहो, ही आपली शहाणी अमरावती म्हणू लागली, पाहा, बायकोसाठी माणूस केवढं करतो! ऐन हंगामात वखार सोडली! माझ्या दवाखान्यात येऊन लोक मला जानरावांची थोरवी सांगायचे. आणि मी? मी ‘हो, हो’ म्हणत पुड्या बांधायचो. दातांवर दात घासून माझे दात झिजले असतील.

गावाबाहेरच्या वावरातल्या खोपटीत सुभद्राबाईंनी काय केलं ते मी दर आठवड्याला घोड्यावरून जाऊन पाहत होतो. मी माशाचं तेल सांगितलं, ते घरात चालेना. वैद्यराजांनी बकरीचं दूध आणि अडुळसा सांगितला, तो चालला. वैद्यराजांनी आणखी सांगितलं, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. लेकरं वेगळी निजवा, थुंकी राखेच्या मडक्यात घ्या आणि पुरून टाका. माझी पुस्तकं म्हणत होती, हा रोग वंशातून येतो. आम्ही दोघं बांधावर उभे राहून यावर तावातावानं भांडलो. तोवर बाईंनी लेकरांना आपल्या आईकडे पाठवूनही दिलं होतं, आणि मडक्यात राखही भरली होती.

आणि पेशंट कसा? बाजाराच्या दिवशी खोपटीत नाही! मी घोडा पिटाळत वखारीत आलो, तर जानराव कापसाच्या गठाणीमागे दडलेले. दडलेले, अध्यक्षमहाराज! मिश्यांचा पाटील, आणि खोकल्यानं सापडला! मी त्यांच्या दंडाला धरून बाहेर आणलं. त्या रात्री त्यांना तोंडभर रक्त पडलं. त्यानंतर ते कुठे गेले नाहीत. घाबरले होते. सुभद्राबाई महिनोन्‌महिने उशाशी बसल्या. वारा कुठून येतो ते पाहून बाज फिरवायच्या, ताप उतरला की कण्या भरवायच्या. हळूहळू ताप थांबला. रक्त थांबलं. तिकडे लढाई थांबली, भाव कोसळले, वखारी ओस पडल्या, आणि इकडे जानराव अंगानं भरू लागले. आज ते समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. या रोगाबद्दल तसं कोणी म्हणू नये. पण जिवंत आहेत.

आता मला सांगा, सुभद्राबाई कुठे आहेत? पडद्याआड आहेत? मी मघाशी विचारलं. त्यांना बोलावणंच गेलेलं नाही. अजूनही कोणी त्यांना हळदीकुंकवाला बोलावत नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांचं पान अजून कोपऱ्यात वाढतात. का? तर त्यांना क्षय होता! रोग्याचं गुपित राखावं हे मला शिकवलं आहे, आणि मी ते राखत आलो. पण गुपित राखणं वेगळं आणि ते दुसऱ्याच्या अंगावर टाकणं वेगळं. जानराव निदान वाचले. ज्यांना रोग नव्हताच त्या बाईंना तुम्ही सगळ्यांनी मिळून आजारी ठेवलं आहे, आणि त्यावर माझ्या पेटीत औषध नाही.

थांबा. जानराव, उठू नका. खाली बसा आधी.

काल संध्याकाळी मी तुमच्या घरी गेलो होतो, तुम्ही नव्हता. सुभद्राबाईंना विचारलं, उद्या सभेत कोणी तुमच्या क्षयाचं नाव काढलंच, तर चार लोकांत खरं सांगू का? त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “सांगा. पन त्याईले उभं नोका करू. उभं राहून बोललं का दम लागते त्याईले.”

म्हणून म्हणतो, बसूनच बोला.

काय? थोडं मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जात नाही.

हां. “खोकला माहा होता. तिले काईच नव्हतं.” ऐकलंत सगळ्यांनी? पडद्यापलीकडे पोचलं? नसेल पोचलं तर पुढच्यांनी मागच्यांना सांगावं. सावकाश जानराव, श्वास घ्या. कोणीतरी ती खिडकी उघडा.

मंडळी, निरोपाच्या वेळी असं बोलणं सभ्य नव्हे, हे मला कळतं. आपण मला सांभाळलंत, माझी मुंबईची मराठी सोसलीत, वैद्यराजांनी माझी भांडणं सोसली, या सगळ्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. रागाच्या भरात कोणाला अधिकउणा शब्द गेला असेल तर मोठ्या मनानं पोटात घालावा. पडद्याआडच्या भगिनींपैकी ज्या कोणी उद्या सकाळी माझ्या गाडीपाशी निरोप द्यायला येणार असतील, त्यांनी माझ्याकडे येऊ नये. जानरावांच्या घरी जावं. भरल्या घरातही बाई एकट्या असतात.