पाण्यात काढलेल्या चपला

भाऊ, डोकं तापलं असताना कमेंटला उत्तर देऊ नये. मी दिलं व्हतं एकदा. डिंभ्याच्या धरणात मासं धरता धरता मी होडीतनं लाइव्ह व्हिडिओ टाकतो. धुकं, पाणी, वल्ह्याचा आवाज, बास. लोकांना लई आवडतं. एकजण मात्र रोज लिहायचा, "नुसतं पाणी काय दाखवता?" शेवटी चिडून लिहिलं, "मग तुमीच येऊन दाखवा!"

आणि आला की राव! पांढऱ्या मिशांचा म्हातारा, एसटीतनं उतरून थेट होडीत. मी मुद्दाम व्हिडिओ चालू ठेवला. समोरच्या डोंगरावरनं जागेचा अंदाज घेत म्हातारा मधीच म्हणाला, "थांबव." वाकून चपला काढल्या, हात जोडले.

"बाबा, हितं काय?"

"खाली आमचं देऊळ हाय. धरणात गेलं. तूबी चपला काढ."

मी खाली बघितलं. पाण्यात ढग सरकत व्हते, कळसाला वळसा घालावा तसे. मीबी चपला काढल्या.

आता होडी तिथं आली की लोक कमेंटमधी विचारत्यात, "भाऊ, चपला काढल्या का?"

उत्तर लिहीत नाय मी. कॅमेरा पायाकडं नेतो.