हाताच्या वीस पट्ट्या

डॉक्टर : पुन्हा म्हणजे पुन्हा, रुपराव. दातांच्या पोर्सलीनच्या वीस पट्ट्या, हाताने ठोकलेल्या.

रुपराव : काहून जी? पयल्या वीस कुठं गेल्या?

डॉक्टर : तुटल्या.

रुपराव : तोडासाठीच तं नेल्या होत्या न तुमी, इंजिनिअरिंग कॉलेजात. दाबाच्या मशीनवर.

डॉक्टर : उशिरा, जास्त भाराला तुटल्या! वायब्रेटर यंत्रावर केलेल्यांच्या बरोबरीनं. चार-पाच तर त्यांच्याही पुढे.

रुपराव : मंग चांगलंच झालं.

डॉक्टर : काय चांगलं? माझ्या गाइड सरांनी ते वायब्रेटर जर्मनीहून मागवलंय. यंत्राने दाबलेलं पोर्सलीन हातापेक्षा मजबूत, हाच माझा थिसिस. पंधरा दिवसांत तो द्यायचाय. लॅबमधल्या एका मेकॅनिकची टकटक यंत्राला भारी पडली, असं लिहू?

रुपराव : नुसती टकटक नाई साहेब. चिमट्याच्या खरबडीत दांड्यानं साचा घासा लागते. पानी वर येते, ते टिपकागदानं घ्या, परत घासा. पानी गेलं का दाने एकमेकाले बिलगतात. मंग भट्टीच्या तोंडाशी निवांत सुकू द्या. एकोनीस साल झाले मले...

डॉक्टर : मला शिकवू नका. मॅट्रिक तरी झालात का?

रुपराव : नाई जी. शाळा नववीतच सुटली.

डॉक्टर : मग ऐका. या वेळी टिपायचं कमी, आणि ओलं असतानाच भट्टीत सारायचं. आत बुडबुडे राहतील. बाहेरून कुणाला कळणार नाही.

रुपराव : मले कळन न.

डॉक्टर : तुम्हाला कोण विचारतंय! तुमची कायम व्हायची फाइल सरांच्याच टेबलावर आहे ना?

रुपराव : हाय. सहा सालापासून हाय. वाळवीनं अर्धी खाल्ली असन.

डॉक्टर : बघा बुवा. मी आपलं तुमच्या भल्याचं सांगतो.

रुपराव : मंग मीबी तुमच्या भल्याचं सांगतो. हे पावडर, हा साचा, हे टिपकागद. तुमीच करा. एकदम जीव लावून, पुस्तकात लिवलं तसं. बेइमानी कराचं कामच नाई. कमजोर तं त्या आपोआपच होतीन.

डॉक्टर : तोंड सांभाळून बोला! बी.डी.एस.ला सुवर्णपदक आहे मला!

रुपराव : मंग तं तुमाले लयच सोपं हाय.

(पाच दिवसांनी, त्याच लॅबमध्ये.)

रुपराव : किती केल्या, साहेब?

डॉक्टर : एकतीस. नऊ साच्यातून काढतानाच मोडल्या. दोन भट्टीत फुटल्या. वीस उरल्या.

रुपराव : अन् मशीनवर?

डॉक्टर : निम्म्या भाराला गेल्या.

रुपराव : ओल्याच सारल्या का?

डॉक्टर : नाही हो. पार कोरड्या केल्या होत्या. दोन दिवस जेवायलासुद्धा उठलो नाही इथून.

रुपराव : दिसून राहिलं. बोटं पाहा कशी सोलली. मंग सर काय म्हनतात?

डॉक्टर : खूश आहेत. आकडे हवे तसेच आले म्हणतात.

रुपराव : अन् माह्या वीस?

डॉक्टर : त्या... नोंदवल्या नाहीत.

रुपराव : बरं. फक्त एक करा. हातानं केलेल्या, असं लिवसान तवा कोनाच्या हातानं, तेबी लिवा.

डॉक्टर : तक्त्यात तसा रकाना नसतो, रुपराव.