खळग्यातला साग

विश्वास कुणावर ठेवायचा, नूतन, तूच सांग — हिरामणने लिहिलेल्या ह्या कागदावर, का तू पिशवीतून आणलेल्या, मेलेल्या रोपाच्या ह्या काळ्या काडीवर? बस गो, तो स्टूल घे. वाचलं मी. ‘कडाक्याच्या थंडीमुळे सागाची सहाशेच्या सहाशे रोपे दगावली, नैसर्गिक आपत्ती, रोपे निरोगी होती’ — आणि खाली सही करायची मी, हर्षद नर्सरी, रोहा. म्हणजे तुमची वन समिती सुटली, मी सुटलो, आणि पावसाळ्यात परत सहाशे रोपं माझ्याकडूनच. हिरामण अध्यक्ष गोड माणूस, पण हा कागद गोड नाय.

थंडी होती, नाय कोण म्हणतो? पौषात तुमच्याच शेतात पोपटी लावली होती आम्ही — वालाच्या शेंगांचं मडकं जाळात, तोंड भाजतंय आणि पाठ गारठलेली. पण रोपं लावली तो खळगा काय काल झाला? डोंगरावरची थंडी पाण्यासारखी खाली उतरते नि तिथं साचते. तुझा आजा कधी तिथं वाल पेरायचा? नाय पेरायचा. करपतो म्हणून सोडलेला तुकडा तो — आणि ह्यांनी तिथंच साग लावला, का, तर गाडी थेट जाते, पाहुण्यांना चढ नको. लावणीच्या कार्यक्रमाला पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत पाऊस सरला, नवरात्र उजाडलं. फोटोत स्वच्छ दिसावं म्हणून झुडपं साफ. एका कोपऱ्यात तेवढी राहिली, कारण तिथल्या ऐनाच्या झाडाला मोहोळ होतं आणि कोयता घेऊन जायला कुणाची छाती होईना. त्या आडोशाला किती जगली? — बघ, मोजलीस ना तू पण. एकेचाळीस. रात्र तीच, गारठा तोच, नुसतं डोक्यावर पांघरूण होतं. माणसांपेक्षा माश्यांनी जास्त झाडं वाचवली. आणि कागदावर सहाशेच्या सहाशे मेली, म्हणजे यंदा नव्या लावणीला तो कोपरा पण साफ करणार.

रोपं? रोपं झकास होती, म्हणून तर हिरामण खूश. हमरापूरला माझा साडू गणपती करतो — एका वर्षी घाईत ओल्याच मूर्ती रंगवल्या. वरून काय चकाकी. गिऱ्हाइकाच्या घरी आरतीला बाप्पाच्या पोटाला ही भेग. तसंच रोपाचं. आधी सावलीची हिरवी जाळी काढायची, युरिया तोडायचा, पंधरा-वीस दिवस उन्हावाऱ्यात उभं करायचं, खोड तपकिरी झालं की मग डोंगर. डोंगरावरचा जुना साग थंडीत पान उतरवायला लागतो — आणि ही पोरं पौषात पण कोवळी हिरवीगार, लाडावलेली. गिरजाबाई म्हणाली होती. माझ्याकडे बारा वर्षं पाणी घालायची. म्हणाली, शेठ, अजून कच्ची हायत, जाळी काढा. तिला म्हटलं — म्हणजे, कुणीतरी म्हटलं तिला...

मीच म्हटलं. तुला पैसे पाणी घालायचे मिळतात, शहाणपणाचे नाय. चार माणसांत म्हटलं. ट्रक भरायचा होता, उंच दिसायला पाहिजे होती, शेवटच्या दिवसापर्यंत युरिया घातला मी. आता ती धाटावच्या कंपनीत झाडू मारते. सकाळी नाक्यावर बसला उभी असते, मी दुकान उघडतो — बघत नाय माझ्याकडे. आणि मी हिरामणला शिव्या घालतोय तासभर. थू.

नाय, सही नाय. हा कागद घे परत, ती काडी राहू दे इथं, गल्ल्यापाशी. उठ गो आता, गिऱ्हाईक थांबलंय. हिरामण ओरडेल तुझ्यावर, ओरडू दे. समितीची नोंदवही तू लिहितेस, तिच्यात मात्र हिशेब खरा ठेव — ऐनाखाली एकेचाळीस जिवंत, असं लिही. मेलेल्यांच्या पुढं कारण लिहायचं तिथं थंडी शेवटी घाल. पहिलं माझं नाव घाल.