भिंतीपाशी सोडलेली पिल्लं

पूजा : इथंच सोडली, आजोबा. धरणाच्या या भिंतीपाशी.

फकिरा : सगळ्या पिशव्या?

पूजा : सगळ्या. आईनं सांगितलं होतं, होडीतून पलीकडच्या काठाला न्यायची. पण होडी येईना, आणि माशांची पिल्लं पिशवीत तोंडं उघडत होती. मला वाटलं मरतील. तुम्ही असं का बघताय?

फकिरा : ती लोखंडी जाळी दिसते? तिच्यामागं वीजघराचा बोगदा आहे. चार वाजता टर्बाइन सुरू झालं, की पाणी तिकडं ओढलं जाईल.

पूजा : जाळी अडवेल ना!

फकिरा : मोठ्या माशाला. ही बोटाएवढी आहेत, बाळा.

पूजा : मग पाती कापणार त्यांना?

फकिरा : काहींना. बाकीच्यांना ओरखडासुद्धा येत नाही. पण आत पाण्याचा दाब एकदम उतरतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती फुगते आणि फुटते.

पूजा : तुम्हाला कसं माहीत?

फकिरा : तीस वर्षं मीच चालवलं ते यंत्र. खालच्या पाण्यात सकाळी पांढरं काहीतरी चमकायचं. लय दिवस मी वाकून बघितलंच नाही.

पूजा : आजोबा, वर्षभराचं बीज आहे ते! आईच्या मच्छीमार सोसायटीचं! बंद करायला सांगा ना!

(फकिरा वीजघरात फोन लावतो; तिथं आता महेश यंत्र चालवतो. फोन स्पीकरवर.)

महेश : फकिराकाका, खालच्या गावांना पाणी सोडायचा हुकूम आहे. साहेब फोन उचलत नाहीत. दहा मिनिटं थांबतो. त्याच्यापुढं माझी नोकरी जाईल.

फकिरा : दहा तर दहा. फोन चालू ठेव. पूजा, रडू नको, विचार कर. ही पिल्लं तळ्यात वाढत होती, तेव्हा कोंडा टाकताना तू काय करायचीस?

पूजा : डबा वाजवायचे. मग सगळी काठाला यायची.

फकिरा : हा घे माझा डबा. मी भाकरी कुस्करून टाकतो. वाजवत काठानं लांब चालत जा. पळू नको.

पूजा : आली! आजोबा, आली! पण थोडीच... बाकीची कुठंयत?

फकिरा : थांबू नको. चाल.

महेश : काका, वेळ झाली. सुरू करतोय.

पूजा : आजोबा, पाणी तिकडं ओढायला लागलं!

फकिरा : लागू दे. वाजवत राहा.