ती चिंधी मी बांधली होती

मी दानियल. आमचं गाव निपाणीच्या बाजूला, आजोबापासनं आमी ख्रिस्ती, पन नावाचं, बरं का, रविवारी देवळात जायाचं, घरी येऊन जेवायचं, एवढंच. आय तंबाखूच्या वखारीत राबली, मला आयटीआय शिकवली, मग मी बेंगळुरात आलो आनि बोम्मसंद्राला एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागलो. तिथं जोडीला मंजण्णा, तुमकूरकडचा, माझ्यापेक्षा मोठा, कन्नड मला त्यानंच शिकवलं, सख्ख्या भावागत वागवला बगा.

आता काय सांगू तुमास्नी. प्रेसला दोन बटनं असत्यात, दोन्ही हातांनी दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, म्हंजे हात आत ऱ्हात न्हाई. पन माल लवकर निघावा म्हनून एक बटन मी चिंधीनं दाबून बांधायचो. मीच. एक दिवस माझी पाळी संपली, चिंधी सोडायची ऱ्हायली, मंजण्णा मशीनवर बसला, उजव्या हातानं आतला पत्रा सरकवताना डावा हात दुसऱ्या बटनावर पडला, आनि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

साहेबांनी इचारलं, चिंधी कुनी बांधली. मी म्हनलो, मला म्हाईत न्हाई, त्यानंच बांधली असंल. एवढंच बोललो. नियम मोडला म्हनून त्याला घरी बसवलं आनि मला पुढं सुपरवायझर केलं.

बारा वर्षं गेली. घर झालं, पोरी शिकल्या, देवळात मी पुढच्या बाकावर. पन आनंद म्हनून न्हवता बगा, हसायचो ते वरवर, जेवायचो ते पोट भरायला.

आमची मराठी उपासना दुपारी असती, कन्नडवाल्यांची झाल्यावर. एका रविवारी प्रभुभोजन होतं, म्हंजे प्रभूच्या मरनाची आठवन म्हनून भाकर नि द्राक्षरस घ्यायचा. पाळकसाहेब म्हनले, प्रभूला तुमचं पाप म्हाईत होतं, तरीबी त्यानं तुमच्यासाठी जीव दिला. हे मी जल्मभर ऐकलेलं. पन त्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात घेतलो आनि माझी पाचीच्या पाची बोटं मला दिसली. तुकडा तसाच ठेवलो, भाइर पायरीवर येऊन बसलो आनि म्हनलो, प्रभू, मी केलो, मीच केलो. लई रडलो. आनि रडता रडता कळलं, की ह्यानं मला टाकलेलं न्हाई. बारा वर्षांत पहिल्यांदा श्वास पुरा आत गेला.

सुमन, माझी बायको, मागनं आली. तिला सगळं सांगितलो. ती बाजूला पायरीवर बसली. मग म्हनली, देवाला सांगून झालं न्हवं, आता त्यांच्याकडं चला, मीबी येते.

मंजण्णा यशवंतपूरला कांद्याच्या मंडीत राखणीला होता. बा, म्हंजे ये, बस म्हनला, डाव्या हातानं च्या पुढं केला. मी म्हनलो, अण्णा, ती चिंधी मी बांधली होती. त्यानं पेला खाली ठेवला. म्हनला, माझी बायको मरेपर्यंत मला म्हनत होती, तुमच्याच घाईनं घर बसलं. मी न्हवं, मी न्हवं म्हनून किती सांगितलो, तिला पटलं न्हाई, तशीच गेली. मग उठला. मला सांगून काय करतोस, माझ्या मुलीला सांग, तिबी तेच धरून बसलीय.

तसंच आमी दोघं अण्णासंगं तिच्या घरी गेलो. जावयासमोर उभ्या उभ्या सांगितलो. ती माझ्याकडं बगितलीसुद्धा न्हाई, बापाचा तो हात दोन्ही हातांत धरली आनि अप्पा, अप्पा, एवढंच म्हनत ऱ्हायली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात लिहून दिलो. नोकरी गेली, जायाचीच होती. आता इंदिरानगरात एका बिल्डिंगच्या गेटवर बसतो. माफ केलो असं मंजण्णा अजून म्हनला न्हाई, मीबी इचारत न्हाई, तो त्याचा हक्क हाय. पन गेल्या नाताळात मुलीला घेऊन आला, आमच्यात जेवला, स्वल्प भात घाल म्हनला. निघताना सुमन म्हनली, प्रार्थना करू का अण्णा. करा अक्का म्हनला, हिच्यासाठी करा, हिला दिवस गेलेत.

आता सातवा चालू हाय तिला. ड्युटीवर बसलो की आधी तिचं नाव घेतो, मग माझ्या पोरींचं. मन गार असतं बगा. प्रभू तुमच्याबी घरात शांती ठेवो.